आंधळ्या माशाचे डोळे

सौदी अरेबियाचा नकाशा समोर घ्या आणि त्याच्या कडेकडेने बोट फिरवा. उत्तरेला इराकमध्ये युफ्रेटिसच्या काठी हादिथा नावाचं गाव लागेल. आखातापलीकडे इराणचा झाग्रोस पर्वत. पूर्वेला ओमानचे डोंगर. दक्षिणेला येमेन आणि एडनचं आखात ओलांडलं की सोमालिया. या चारही ठिकाणी जमिनीखालच्या पाण्यात डोळे नसलेले मासे राहतात. सोमालियाच्या माशाची शास्त्रीय नोंद १९२४ ची, इराणच्या माशाची १९४४ ची, हादिथाच्या माशाची १९५५ ची. ओमानचा सगळ्यांत धाकटा, त्याचं वर्णन १९८४ मध्ये छापून आलं. वाळू, तेल आणि उंट यांच्यासाठी प्रसिद्ध असलेल्या या मुलखाभोवती आंधळ्या माशांचं असं कडं आहे, हे इथे येईपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं.

मी काही जीवशास्त्रज्ञ नाही. समुद्राचं खारं पाणी गोडं करणाऱ्या मेम्ब्रेनवर काम करणारा अभियंता आहे. पीएचडी जर्मनीत झाली आणि आता जेद्दाहच्या उत्तरेला तांबड्या समुद्राकाठी नोकरी करतो. पण आमच्या शेजारीच जीवशास्त्रवाल्यांच्या लॅब आहेत. तिथल्या एका मित्राने एकदा मला सूक्ष्मदर्शकाखाली माशाचं दीड दिवसाचं अंडं दाखवलं. काचेसारखं पारदर्शक. आत पिल्लू वळून बसलेलं, इवलंसं हृदय धडधडतंय, आणि सगळ्यांत ठळक काय दिसतं तर डोळे. डोक्याच्या मानाने केवढे तरी मोठे! मी सहज विचारलं, की आंधळ्या माशाच्या अंड्यात मग या जागी काय दिसतं?

"डोळेच दिसतात," तो म्हणाला. "निदान सुरुवातीला."

त्या 'सुरुवातीला'च्या मागे लागून पुढे बरंच वाचलं. त्यातलं थोडं आज सांगतो.

आधी ओमानचा मासा. सौदीतून ओमानला आता थेट रस्ता आहे, रुब अल खाली या अफाट वाळवंटातून जाणारा. तो डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झाला, त्याआधी अमिरातीतून वळसा घ्यावा लागायचा. मी मात्र गुपचूप विमानाने मस्कत गाठलं. तिथून गाडीने निझवा, आणि पुढे जबल शम्सच्या पायथ्याशी अल हूता नावाची गुहा. २००६ पासून ती पर्यटकांना खुली आहे (मध्ये काही वर्षं बंद होती). आत जायला चक्क छोटी आगगाडी. गुहेत तळं आहे, आणि तळ्यात बोटभर लांबीचे गुलाबट पांढरे मासे. रंगद्रव्य नाही, त्यामुळे कातडीखालचं रक्त दिसतं, म्हणून गुलाबी. डोळ्यांच्या जागी सपाट कातडी. गुहेबाहेर, आसपासच्या वाद्यांमध्ये, म्हणजे पावसाळी ओढ्यांमध्ये, याचेच भाऊबंद फिरतात. ते करडे-तपकिरी आणि चांगले डोळस. व्हिएन्नाच्या निसर्गेतिहास संग्रहालयातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दोघांची जनुकं ताडून पाहिली. नातं अगदी जवळचं निघालं, पण गुहेतल्यांचं घराणं वेगळं पडलेलं.

आता यातली गंमत बघा. गुहेतल्या माशाचं अगदी लहान पिल्लू पाहिलं तर त्याला डोळे असतात. बारीक, पण असतात. मासा वाढतो तशी त्यांवर कातडी चढते आणि ते झाकले जातात. जे वापरायचंच नाही ते मुळात बनवायचंच कशाला? माझ्यासारख्या अभियंत्याला हा शुद्ध अपव्यय वाटतो. यंत्रात अमुक भाग नको असेल तर आपण ड्रॉइंगमधूनच काढून टाकतो, तयार करून मग वरून पत्रा ठोकत नाही.

हा प्रश्न जुना आहे. डार्विनने १८५९ च्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'मध्ये गुहेतल्या प्राण्यांवर लिहिलंय. केंटकीच्या मॅमथ केव्हमधला आंधळा मासा तेव्हा माहीत झालेला होता, १८४२ पासून. डार्विनचा युक्तिवाद थोडक्यात असा, की अंधारात डोळा बिनकामाचा खरा, पण तो नुसता असल्याने प्राण्याचं नुकसान होत असेल असं काही वाटत नाही. तेव्हा निवडीचा इथे संबंध नाही, डोळे गेले ते निव्वळ न वापरल्यामुळे. म्हणजे नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मांडणारा माणूस गुहेच्या तोंडाशी आल्यावर लामार्कच्या ओसरीवर जाऊन बसला! हे वाक्य पुढे शंभर वर्षं लोकांना छळत राहिलं.

इंग्लंडमधल्या रे लँकेस्टरने १८९३ मध्ये वेगळीच शक्कल काढली. त्याचं म्हणणं, पुरात वाहून गुहेत पडलेल्या प्राण्यांपैकी चांगले डोळे असलेले उजेडाच्या दिशेने बाहेर निघून जातात, अधू डोळ्यांचे मागे राहतात. दर पिढीला हेच होत गेलं की शेवटी उरतात ते आंधळेच. कल्पना चतुर आहे. पण गुहेच्या पार पोटात, जिथे उजेडाचा कणही पोचत नाही, तिथे चांगल्या डोळ्यांनी बघायचं काय आणि जायचं कुठे?

खरा मार्ग ज्याला सापडत आला होता तो कार्ल आयगनमान. लहानपणी जर्मनीतून अमेरिकेत आलेला, पुढे इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक झालेला. त्याने मोठ्या माशांची चिरफाड करण्यापुरतं न थांबता अंड्यांपासून सुरुवात केली. केंटकी-इंडियानाच्या त्या माशाची मादी अंडी आपल्या कल्ल्यांच्या पोकळीत सांभाळते, त्यामुळे भ्रूण मिळवणंच मुश्कील. तरी त्याने ते मिळवले, कापून तपासले, आणि दाखवलं की डोळा बनायला सुरुवात होते आणि मग तो ढासळत जातो. त्याचा मोठा ग्रंथ १९०९ मध्ये निघाला. पण त्याची एक अडचण होती. या माशाचे डोळस नातेवाईक वेगळ्याच जातींचे. ज्याच्याशी लग्न लावून संतती बघावी असा सख्खा डोळस भाऊबंद त्याला नव्हता. दोन भ्रूण शेजारी ठेवले आणि फरक दिसला, तरी तो डोळ्यामुळे की मुळात जात वेगळी म्हणून, ते सांगणार कसं?

ही अडचण सुटली १९३६ मध्ये, आणि तीही एका मत्स्यालयवाल्यामुळे. मेक्सिकोच्या सान लुईस पोतोसी राज्यात 'ला क्वेवा चिका', म्हणजे छोटी गुहा, या नावाच्या गुहेत साल्वादोर कोरोनादो यांना आंधळे मासे मिळाले. ते टेक्ससमधल्या जॉर्डन नावाच्या शोभिवंत माशांच्या व्यापाऱ्याकडे गेले, तिथून मिशिगनच्या कार्ल हब्जकडे. हब्ज आणि 'द अॅक्वेरियम' मासिकाचे संपादक विल्यम इन्स यांनी मिळून वर्णन छापलं. मासा इतका वेगळा वाटला, की त्यासाठी नवीन प्रजातीगट काढून व्यापाऱ्याचं नाव जातीला दिलं. व्यापाऱ्याने तो वाढवून विकला. आजही 'ब्लाइंड केव्ह टेट्रा' शोभेच्या माशांच्या दुकानांत मिळतो.

पुढे लक्षात आलं, की हा काही वेगळा गट नाहीच. बाहेरच्या नद्यांमध्ये जो चंदेरी, डोळस टेट्रा सर्रास मिळतो त्याच्याशी याचा संकर होतो, आणि पिल्लंही धडधाकट, पुढे वंश चालवणारी. आयगनमानला जो भाऊबंद मिळाला नव्हता तो इथे नदीत उभा होता.

या संकराचा पद्धतशीर हिशेब मांडला तो एका तुर्की बाईने, पेरिहान शादोग्लू यांनी. त्यांचे गुरू कुर्ट कॉसविग हे १९३७ मध्ये नाझींच्या जर्मनीतून निघून इस्तंबूलला आलेले. तिथे प्राणिशास्त्राची गादी उभी करून १९५५ मध्ये ते हॅम्बुर्गला परतले. (देश सोडून गेलेल्यांनी दुसऱ्याच देशात शास्त्र रुजवल्याच्या गोष्टी मला जरा जास्तच आवडतात, समजून घ्या.) शादोग्लूंनी १९५७ मध्ये दाखवलं, की माशाचा पांढरेपणा मेंडेलच्या वाटाण्यांसारखा सरळ चालतो. एकच अप्रभावी जनुक, दुसऱ्या पिढीत तीनास एक. डोळ्यांचं मात्र तसं नाही. तिथे लहान, मध्यम, मोठे असे सगळे आकार निघतात, म्हणजे बरीच जनुकं हात घालून बसलेली. रंगाचं ते जनुक नेमकं कोणतं, ते २००६ मध्ये सापडलं.

आणि १९५८ मध्ये फिलिस कान यांनी आयगनमानचं अर्धवट राहिलेलं काम पूर्ण केलं. नदीतला मासा आणि दोन गुहांमधले मासे, तिघांच्या भ्रूणांत डोळा कसा घडतो ते टप्प्याटप्प्याने शेजारी ठेवून पाहिलं. सुरुवात तिन्हीकडे सारखीच. डोळ्याचा पेला तयार होतो, वर भिंग बसतं. गुहेतल्या भ्रूणात दोन्ही थोडे लहान असतात एवढंच. मग फाटे फुटतात. नदीतला डोळा वाढत जातो, गुहेतला मागे पडतो, आक्रसतो आणि शेवटी खोबणीत बुडून जातो.

फाटा नेमका कुठे फुटतो, ते कळायला २००० साल उजाडावं लागलं. मला या सगळ्या इतिहासातला हा भाग सर्वांत थरारक वाटतो. मेरीलँड विद्यापीठातले विल्यम जेफ्री आणि त्यांच्याकडे आलेले जपानी संशोधक योशियुकी यामामोतो. त्यांना दिसलं, की गुहेतल्या भ्रूणात साधारण पंचविसाव्या तासाला भिंगातल्या पेशी आपणहून मरायला लागतात. नेत्रपटल त्यानंतर ढासळतं. तेव्हा प्रश्न असा, की भिंग हा पहिला बळी आहे की तेच सूत्रधार?

उत्तर शोधायला त्यांनी भिंगांची अदलाबदल केली. एका दिवसाच्या भ्रूणातलं भिंग म्हणजे मोहरीच्या दाण्याहून कितीतरी लहान. ते बारीक सुईने काढायचं आणि दुसऱ्या भ्रूणात बसवायचं, तेही एकाच बाजूला. दुसरी बाजू तशीच ठेवायची, म्हणजे तुलना त्याच माशात. नदीतल्या माशाचं भिंग गुहेतल्या माशात बसवलं तर? त्या बाजूला डोळा वाढला! बुबुळ, बाहुली, पारपटल, सगळं. उलट, गुहेतलं भिंग नदीतल्या माशात बसवलं, तर ते ठरल्या वेळी मेलं आणि यजमानाचा डोळाही बसला. म्हणजे गुहेतल्या माशाकडे डोळ्याची बाकीची सामग्री शाबूत होती. मोठ्या माशांच्या कितीही चिरफाडीतून हे कळलं नसतं, कारण मोठ्यात फक्त निकाल दिसतो.

या प्रयोगाची एक पुरवणी आहे जी वर्तमानपत्री बातम्यांत बहुधा गाळली जाते. २००३ मध्ये असे एकडोळे मासे तपासले गेले. त्यांना त्या नव्या डोळ्याने दिसतं का? प्रकाशाला त्यांनी काहीच दाद दिली नाही. डोळा आला, दृष्टी आली नाही.

मग भिंगाला मरायला कोण सांगतं? २००४ मध्ये त्याच गटाने धागा आणखी मागे नेला. भ्रूणाच्या मधल्या रेषेवर एक जनुक काम करतं, त्याचं नाव 'सोनिक हेजहॉग'. होय, व्हिडिओ गेममधला तोच. सर्व पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांमध्ये डोळ्याची जागा आधी एकच असते आणि या जनुकाच्या संदेशामुळे तिचे दोन भाग होतात. संदेश कमी पडला तर भाग होतच नाहीत. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात १९५० च्या दशकात कपाळावर एकच डोळा असलेली कोकरं जन्मायची. गाभण मेंढ्या एक रानटी वनस्पती खात आणि तिच्यातलं रसायन हा संदेश अडवी, असं पुढे निष्पन्न झालं. गुहेतल्या माशात याच्या उलट घडतं. मधला पट्टा रुंद असतो, संदेश जास्त, आणि डोळ्यांच्या वाट्याला येणारी जागा आकसते. नदीतल्या भ्रूणात मुद्दाम हा संदेश वाढवून पाहिला, तर त्याचाही डोळा गुहेतल्यासारखा गळाला.

हाच संदेश जबडा आणि चव ओळखणाऱ्या कळ्याही घडवतो. तो वाढला की जबडा रुंद, कळ्या जास्त. हे २००९ मध्ये दाखवलं गेलं. अंधारात तळ चाचपत अन्न शोधणाऱ्या माशाला या दोन्ही गोष्टी डोळ्यांपेक्षा मोलाच्या. म्हणजे डोळा झिजून गेला नाही, तर तोंडाच्या बदल्यात गहाण पडला, असं हे चित्र आहे.

सगळ्यांना ते मान्य झालं असं मुळीच नाही. हॅम्बुर्गला कॉसविगच्या परंपरेतले हॉर्स्ट विल्केन्स शेवटपर्यंत म्हणत राहिले, की निवडीचा दाब उठला की जनुकांत बिघाड साचत जातात, डोळा जायला तेवढं पुरे. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या रिचर्ड बोरोव्स्की यांनी वेगवेगळ्या गुहांमधल्या आंधळ्यांचीच लग्नं लावली आणि काही पिल्लं चक्क डोळस निघाली! प्रत्येक गुहेत वेगळी जनुकं बिघडलेली, त्यामुळे एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढली. हा पुरावा दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीने वापरता येतो. पण २००७ च्या एका अभ्यासात जनुकांची दिशा पाहिली गेली. रंगाच्या बाबतीत गुहेतली काही जनुकं रंग घटवणारी, तर काही चक्क वाढवणारी. डोळ्यांच्या बाबतीत मात्र झाडून सगळी घटवणारी. निव्वळ योगायोगाने बिघाड साचत असते तर अशी एकजूट कठीण. माझं मत तरी इथे जेफ्रींच्या बाजूला झुकतं.

आणि २०१५ मध्ये खर्चाचा आकडाच आला. एक ग्रॅम वजनाच्या माशात डोळे आणि मेंदूतला दृष्टीचा भाग मिळून विश्रांतीच्या वेळच्या ऊर्जेपैकी सुमारे १५ टक्के खातात. मोठ्या माशात ते प्रमाण ५ टक्क्यांवर येतं. अन्न दुर्मीळ असलेल्या गुहेत पिल्लाने १५ टक्के उगाच जाळायचे म्हणजे चैनच. डोळा असण्याने नुकसान काय, असं डार्विनला वाटलं होतं. नुकसान होतं, पण ते मोजायला लागणारी उपकरणं त्याच्याकडे नव्हती.

मेक्सिकोची रीत सगळीकडे लागू पडते असंही नाही. सोमालियाचा मासा भूगर्भात वीसेक लाख वर्षं असावा. २०१५ मध्येच जर्मनीत त्याचे भ्रूण तपासले, तर तिथेही डोळा सुरू होतो, पण नेत्रपटलाच्या पेशींची घडण मधेच अडते आणि मग त्या मरतात. मुक्काम तोच, वाट निराळी. म्हणून अरबस्तानाभोवतीचे हे चार मासे मला महत्त्वाचे वाटतात. प्रत्येक जण हा स्वतंत्र प्रयोग आहे. त्यातही ओमानचा जास्त, कारण त्याचा डोळस भाऊबंद अजून दाराशी ओढ्यात आहे.

आणि इथे माझ्या धंद्याचा विषय येतो, पाणी. सौदीने १९८० च्या दशकात वाळवंटात गहू पिकवायला घेतला. १९९० च्या सुमारास देश गहू निर्यात करत होता, तोही हजारो वर्षांपूर्वी जमिनीत मुरलेलं पाणी उपसून. ते पाणी पुन्हा भरत नाही. शेवटी २००८ मध्ये गव्हाची सरकारी खरेदी टप्प्याटप्प्याने थांबवायचं ठरलं आणि २०१६ मध्ये ती संपली. रियाधच्या दक्षिणेला लैला गावाजवळ नैसर्गिक तळी होती, ती आटली. अल हसाचे झरे पूर्वी आपसूक वाहत, आता पंप लागतात. रियाधजवळच्या दहल हीत या पाण्याच्या गुहेचं नाव भूशास्त्रज्ञांच्या तोंडी असतं ते तिथे उघड्यावर दिसणाऱ्या अॅनहायड्राइट खडकामुळे, कारण हाच खडक जमिनीखाली तेलावर झाकण घालून बसलाय. इथे जमिनीखाली बघणारे डोळे बहुतेक तेलवाल्यांचे होते.

हे सगळं वाचताना एका जागी मी थबकलो, कारण तिथे पुण्याचं नाव आलं. फ्रान्सिस डे या इंग्रज डॉक्टरने १८७२ मध्ये पुण्याच्या एका लहानशा, मिशावाल्या, तळाशी राहणाऱ्या माशाचं वर्णन केलं आणि कर्नल एव्हझर्ड यांच्यावरून त्याला 'एव्हझर्डी' नाव दिलं. पुढे १९५० च्या दशकात शंकर तिवारी यांनी बस्तरमध्ये, जगदलपूरजवळच्या कांगेर खोऱ्यात, कोटुमसरची गुहा धुंडाळली. तिथल्या पाण्यातला मासा अभ्यासकांनी याच एव्हझर्डी जातीचा मानला. रायपूर विद्यापीठात १९८० च्या दशकापासून त्याच्या दिनचर्येवर काम झालं: कायमच्या अंधारात राहणारा हा मासा हवा घ्यायला किती वाजता वर येतो, त्याच्या अंगात दिवसरात्रीचं घड्याळ उरलंय का, असं. पण मला खिळवून ठेवलं ते त्याच्या डोळ्यांनी. कोटुमसरचे सगळे मासे आंधळे नाहीत. कुणाचे डोळे बारीक, कुणाचे जवळपास नीट, रंगही कमीजास्त. मेक्सिकोत जे घडून गेलंय ते बस्तरमध्ये अर्ध्या वाटेवर आहे.

डेने जमवलेले मासे संग्रहालयांच्या बरण्यांत आहेत. बरणीतल्या माशाचे पर मोजता येतात, जनुकंही थोडीफार मिळतात. पंचविसाव्या तासाला त्याच्या भिंगात काय होतं, ते बघायला जिवंत जोडी लागते, गुहेतलीही आणि नदीतलीही, आणि तिने अंडी घालावीत असं पाणी. कोटुमसरची गुहा पावसाळ्यात पाण्याने भरते, तेव्हा पर्यटकांना बंद असते. पुण्यातल्या नद्यांचं पाणी कसं आहे, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.